आठव्या वळणावर ब्रेक नको

३ सप्टेंबर, मंगळवार

चालला!! घाट चालला! माझ्या लिनक्सवर!

अकरा वर्षांपूर्वी मी कॉम्प्युटर चालवणारी, सगळ्यांकडे असते ती दुसरी सिस्टीम घरातून हाकलली. तिचं नाव या वहीत लिहायचं नाही असा माझा नियम आहे आणि आजच्या आनंदातही तो मोडणार नाही. तेव्हापासून कॉम्प्युटरवर फक्त लिनक्स, आणि तेव्हापासून जो तो एकच पालुपद आळवतो — "पण त्याच्यावर गेम कुठे चालतात?" चालतात! दोनशे बारा खेळ मी स्वतः तपासलेत आणि लिनक्सवाल्यांच्या वेबसाइटवर त्यांची नोंद केलीय — हा चालतो, हा अडखळतो, हा उघडत नाही. घाटापुढे तीन वर्षं 'उघडत नाही' लिहीत होते. आज संध्याकाळी मधल्या थराची नवी आवृत्ती टाकली (दुसऱ्या सिस्टीमचा खेळ लिनक्सला समजावून सांगतो तो हा थर), एक ओळ बदलली, आणि डोंगर दिसला! ट्रक दिसला!

घाट म्हणजे ट्रकांची शर्यत. चौदा वळणं, एका बाजूला दरी. खरं नाव लांबलचक आहे, आमच्याकडे नुसतं घाट. दादा दर शनिवारी मित्रांबरोबर ऑनलाइन खेळतो.

लगेच त्याला फोन केला. म्हणे, "एकटीच पळवणार का गाडी? आमच्याबरोबर शर्यत लागते का ते सांग."

नाही लागत. खेळात एक पहारेकरी प्रोग्राम आहे, कुणी लबाडी करू नये म्हणून. लिनक्स दिसलं की तो दारातूनच परत पाठवतो.

"मग चालला काय म्हणतेस, पेंग्विनबाई!" (पेंग्विन हे लिनक्सचं चिन्ह.) हसला वर. तीन तासांच्या अंतरावरून माझं तोंड दिसत नव्हतं हे त्याचं नशीब.

५ सप्टेंबर, गुरुवार

पैज लागली. या महिन्याअखेर माझ्या लिनक्सवरून दादाशी शर्यत लागली नाही, तर तो येऊन स्वतःच्या हातानं माझ्या कॉम्प्युटरवर ती दुसरी सिस्टीम टाकणार. आणि मी शेजारी उभी राहून चहा देणार!

"आणि मी जिंकले तर?"

"मागशील ते."

रागाच्या भरात हो म्हणून बसले. तो पहारेकरी खेळ बनवणाऱ्या कंपनीचा. त्यांनी परवानगी दिल्याशिवाय मी डोकं आपटलं तरी काही होणार नाही. अकरा वर्षं पणाला लावली मी, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

८ सप्टेंबर, रविवार

कंपनीला पत्र धाडलं. चौथं. सभ्य भाषेत.

एक अडचण आहे. खेळ तासन्तास चालू ठेवून कुठे अडकतो ते बघायला हवं, आणि मी दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कॅपा घासत असते. घरात आम्ही दोघीच — आई आणि मी. म्हणून आईलाच बसवलं. हातात कंट्रोलर दिला. "तू नुसती गाडी चालवत राहा. पडद्यावर काही अडकलं की वेळ लिहून ठेव."

"नुसती चालवायची?" ती म्हणाली.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीय तिनं. दादा आणि मी त्याच बसमधून शाळेत गेलो. निवृत्तीनंतर स्वतःची छोटी गाडी होती. चार वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, उजवा पाय ब्रेकवर वेळेत पडत नाही, आता पुरे. त्याच रविवारी दादा आला, खिळ्यावरच्या चाव्या काढून खिशात घातल्या आणि गाडी घेऊन गेला. आईला एका शब्दानं विचारलं नाही. तेव्हापासून त्याचा फोन आला की ती म्हणते, "बरी आहे. तू?" आणि फोन माझ्या हातात. चार वर्षं हेच चाललंय. खिळा अजून तसाच आहे.

११ सप्टेंबर, बुधवार

आईची नोंद, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर: "१०.४० अडकला. ११.१५ आवाज गेला. २.०५ अडकला." इतकी नीटनेटकी नोंद आमच्या लॅबमध्येही कुणी ठेवत नाही! दोन दोष शोधून निस्तरले.

१५ सप्टेंबर, रविवार

अडकणं बंद! सेकंदाला साठ चित्रं, लोण्यासारखं. पण एक नवाच दोष निघाला. खेळ प्रत्येक फेरीचं चित्रण साठवतो, आठवडाभराच्या फेऱ्या जेवताना बघत होते. प्रत्येक वळणाआधी हॉर्न दोनदा वाजतो. पीं-पीं. आपोआप! वेबसाइटवर लिहिलं: "हॉर्नमध्ये दोष, कारण सापडत नाही." एकानं उत्तर दिलं, माझ्याकडे नाही वाजत. दुसरा म्हणाला, आवाजाची फाइल बदलून पाहा. बदलली. वाजतोच आहे!

आईला विचारणार होते, पण ती लवकर झोपली. दमलेली दिसली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पाचवं पत्र. उत्तर नाही. अकरा दिवस उरले. दादानं चहाच्या कपाचं चित्र पाठवलं, खाली एक अक्षर नाही. दुष्ट!

२४ सप्टेंबर, मंगळवार

आली! परवानगी आली!!

जेवणाच्या सुट्टीआधी मोबाइलवर बातमी वाचली — येत्या आवृत्तीपासून पहारेकरी लिनक्सवाल्यांना आत सोडणार. माझ्यासारखी पत्रं हजारोंनी आली होती म्हणे. म्हणजे मी एकटी वेडी नव्हते! हातात कुणाची तरी कवळी होती, ती उंच धरून मी लॅबभर नाचले. मालक म्हणाले, "बाई, खाली ठेवा आधी, त्या आजोबांना उद्या जेवायचंय."

घरी येऊन आईला मिठी मारली. "मग आता माझी गरज नाही ना?" असं काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "सुटलीस बघ!" ती कंट्रोलर पुसून ठेवायला गेली.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

नवी आवृत्ती आली. बटण दाबलं. पहारेकऱ्यानं क्षणभर विचार केला आणि दार उघडलं. कुठली ओळ बदलली नाही, कुठला थर खरवडला नाही, नुसतं एक बटण! जगातले एकशे चाळीस ट्रक आणि त्यांत एक माझा. डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं.

दादाला चित्र पाठवलं, कपाचं. रिकाम्या.

त्याचं उत्तर: "मानलं. पण शर्यत लागली म्हणजे जिंकलीस असं नाही. उद्या पाचला ये. तीन फेऱ्या."

२८ सप्टेंबर, शनिवार

सगळं नीट लिहिते.

पहिली फेरी. तिसऱ्या वळणावर मी दरीत. दुसरी फेरी. आठव्या वळणावर दरीत, तेही उलटी! समोरून दादाचा लिहिलेला मजकूर: "गाडी चालवतेस की पोहतेस?"

आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा खेळ मी हजार वेळा सुरू केला आणि हजार वेळा बंद केला. खेळले कधी? दोनशे बारा खेळांतला एक तरी मी शेवटपर्यंत खेळलेय का? चालला की नोंद करायची आणि पुढचा घ्यायचा. हॅन्डब्रेकचं बटणसुद्धा मला माहीत नव्हतं! हसावं की रडावं कळेना.

दादाला दया आली असावी. लिहिलं, "तिसरी जिंकलीस तर आधीच्या दोन माफ."

मागून आई म्हणाली, "सरक."

सरकले. तिनं कंट्रोलर घेतला. पहिल्या वळणाआधी तिचा अंगठा हलला — पीं-पीं. दुसऱ्याआधी — पीं-पीं. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिले. माझा दोष! ज्याच्यासाठी मी आवाजाच्या फायली बदलत बसले, तो! शाळेच्या बसचा हॉर्न होता तो. प्रत्येक वळणाआधी दोनदा, एकतीस वर्षं.

आठव्या वळणावर दादानं ब्रेक मारला. आईनं मारला नाही, वेग आधीच उतरवून आतल्या कडेनं अशी काही काढली गाडी! नऊ सेकंदांनी जिंकली. नऊ! मी खुर्चीवर चढून ओरडले. खालच्या मजल्यावरून कुणीतरी छत ठोकलं.

दादाकडून एकच शब्द आला.

"आई?"

आईनं वाचला. कंट्रोलर नीट टेबलावर ठेवला, चहा टाकायला आत गेली. आतूनच म्हणाली, "सांग त्याला, ब्रेक फार मारतो."

तसंच्या तसं लिहून पाठवलं.

२९ सप्टेंबर, रविवार

वेबसाइटवर नोंद केली: "घाट. चालतो. ऑनलाइनही चालतो. हॉर्नची तक्रार मागे घेत आहे, दोष नव्हता."

पैजेचं मागणं आईला विचारलं, कारण जिंकली ती. "सांगेन त्यालाच," म्हणाली.

३० सप्टेंबर, सोमवार

सकाळी दादाचा फोन. मी उचलला. माझ्यासाठी नव्हता. पाऊण तास झाला, आई अजून बोलतेय — "तू ये माझी गाडी घेऊन. चालव तूच. मी शेजारी बसेन." आणि मग काहीतरी ऐकून हसली.