मी तर समोरच बघत होते

तीर्थरूप बाबा,
लांबूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या कामाच्या खोलीत बिनचाकांची अर्धी गाडी आहे. समोरच्या पडद्यावर रस्ता धावतो. नव्यानं गाडी शिकलेली मुलं तिच्यात बसतात आणि त्यांना धोका कधी दिसतो, ते आम्ही तपासतो.

काल अठरा वर्षांची एक पोर बसली. हात अगदी सफाईदार. उभ्या बसच्या आडून एक बाई आली आणि पडद्यावर तिला धडक बसली. पोर रडायलाच लागली. "ताई, मी तर समोरच बघत होते हो!"

बसच्या आडून कुणी येईल, हे तिला सुचलंच नव्हतं. नवख्यांना ते सुचत नाही, बाबा, शिकवणारा कितीही चांगला असो. ते वेगळं शिकवावं लागतं. आपला धाकटा अपघातात गेला, तेव्हा त्यालाही ट्रकमागून येणारी गाडी अशीच दिसली नसेल.

आई सांगत होती, "मीच त्याला नीट शिकवलं नाही" म्हणत तुम्ही ताटावरून उठता. नका हो असं करू. तुम्ही छानच शिकवलं होतं.

त्या पोरीला मी समजावून पुन्हा बसवलं. या खेपेला बस दिसताच तिनं वेग कमी केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर जाऊन रडून घेतलं.

जेवत जा, बाबा.

तुमची,
थोरली