कपाळावरचं ऊन

मुंबई, आश्विन शुद्ध पंचमी, शके १८५२

तीर्थस्वरूप रावजीदादास, धाकट्या सदूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

माझी तब्येत बरी आहे, खाणावळीत भात पोटभर मिळतो, एवढं आईला वाचून दाखव. पुढचं मनातच वाच.

चित्रशाळेत सध्या पाण्याच्या रंगांत ऊनसावली शिकवतात. त्यात पांढरा रंग लावत नाहीत. ऊन पडेल तिथे कागद कोराच सोडायचा आणि भोवतीची सावली तेवढी रंगवायची. परवा मास्तरांनी घरचं माणूस आठवून काढायला सांगितलं. मी पडवीत तांदूळ निवडणारी आई काढली. पोफळींतून येणारं संध्याकाळचं ऊन तिच्या कपाळावर पडतं, म्हणून कपाळ कोरं सोडलं. मास्तरांनी मान डोलावली. ते पुढे गेले आणि माझ्या हाताने सवयीने कुंकू लावलं.

मग आठवलं. ओल्या फडक्याने टिपून पाहिलं, पण तांबडा रंग कागदात मुरतो. फिकट डाग राहिला.

बाबा गेले तेव्हा पावसामुळे बोटी बंद होत्या. आईला तशी मी अजून पाहिलेलीच नाही.

नारळ पाडायला आता काळूराम येतो का? आई वेळेवर जेवते ना?

आणखी काय लिहिलंय असं तिने विचारलं, तर दिवाळीला येतोय म्हणून सांग. तिच्यासमोर माझा चेहरा उतरू नये म्हणून रोज तेच चित्र पुन्हा काढतो. अजून एकदाही माझ्याच्याने कपाळ कोरं सोडवलेलं नाही.

तुझा सदू