दारातलं वाळवण

१२ जून
अलास्का. संजू खाणीत इंजिनियर, म्हणून मीही इथे. गाव कसलं, मातीच्या रस्त्याकडेला पत्र्याची खोकी मांडलीत. झाड औषधाला नाही. डास मात्र चिमणीएवढे. सून स्नेहा म्हणते, आई, एंजॉय करा. काय, चिखल?

१५ जून
ऊन मावळतच नाही. निर्लज्ज ऊन. वाळवणाला तेवढं बरं. साबुदाणा शिजवला, दारात प्लास्टिक पसरून चिकवड्या घातल्या. खाणीचे ट्रक धुरळा उडवत जातात, मेले.
शेजारची मेरी म्हातारी पिढ्यानपिढ्यांची इथलीच. मासे वाळवायला होडी काढून नदीपलीकडे जाते. दारात एवढं ऊन सोडून. नखरे.

१७ जून
नात ईरा, तीन वर्षांची, ओल्या चिकवड्या सोलून खाते. "आजी, मोअर." खा म्हटलं. तुझा बापही असाच ओरबाडायचा.

१९ जून
मेरी आली. प्लास्टिकवर बोट फिरवून करडं बोट मला दाखवलं. स्नेहाने मराठीत सांगितलं, खाणीतल्या दगडात शिसं असतं, धुरळ्यातून ते गावभर बसतं. मेरीची आई दारातच मासे वाळवायची, खाण यायच्या आधी. आता कोणी वाळवत नाही.
मग आधी का नाही बोललीस, मेरीला विचारलं. तर म्हणे, तुमचा मुलगा खाणीतलाच, तो सांगेल वाटलं.
रोज त्याच दारातून जातो मेला. चिकवड्या ओलांडून.
आणि खा म्हणणारी मी. जीभ झडो.

२० जून
ईराचं रक्त घेतलं. पोर रडून लाल. तपासणी शहरात, रक्त विमानाने जायचं. धुकं. विमान नाही.
स्नेहाने बॅगा भरल्या, स्वतःची नि ईराची. संजू म्हणतो ओव्हररिअ‍ॅक्ट करू नकोस, कंपनी सगळं चेक करते. कंपनीचा जावईच हा.

२२ जून
अजून धुकं. बॅगा दाराशी.
फेकायला काढलेल्या चिकवड्या संजूने तळल्या. बायकोसमोर बसून कुरुमकुरुम खाल्ल्या. बघ, काय होतंय मला? किळस आली.
वासाने ईरा आली. हात पुढे केला. ह्याने ताट झटकन वर उचललं.
"आता का रे?" म्हटलं.
घास तोंडातच. गिळेना, थुंकेना.
स्नेहा बघत उभी. बाहेर ट्रक चाललेत.