मागची खोली कोणीही उघडू नये

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंद्याने मोटार मेकॅनिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, डाव्या हाताने लिहीत आहे. उजव्या हाताची दोन बोटे वाकत नाहीत, त्यामुळे ही सही बँकेतल्या सहीशी जुळणार नाही. तरी ती माझीच समजावी. माझे डोके आज ठिकाणावर आहे. ज्या सकाळी ते ठिकाणावर नव्हते ती सकाळ आधी सांगतो, कारण पुढची सगळी कलमे तिच्यापाशीच अडकली आहेत.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी मी अंघोळ केली, देवापुढे हात जोडले आणि माझ्या जुन्या गाडीचे पुढचे शॉकॲब्सॉर्बर खोलायला घेतले. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. पुढच्या प्रत्येक चाकाजवळ एक जाड नळी उभी असते. तिच्याभोवती बोटाएवढ्या जाड सळईची स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि वरचा एक नट तिला धरून ठेवतो. तो नट काढण्याआधी स्प्रिंग लोखंडी प्रेसमध्ये पकडावी लागते. न पकडता काढला, तर समोर कोण बसले आहे हे स्प्रिंग बघत नाही.

प्रेस माझ्याकडे नव्हता. मी युक्ती केली. गाडी चाकांवर उभी असतानाच बॉनेटवर वाळूची पोती रचली. वजनाने स्प्रिंगा दबल्या, तशाच त्या तीन-तीन ठिकाणी पोलादी तारेने आवळल्या आणि मगच गाडी जॅकवर उचलली. दोन्ही शॉक सुटे करून मागच्या खोलीत नेले. अंगणात खोलले असते तर शेजारच्या शिंप्याने पाहिले असते, आणि दुपारच्या आत ते माझ्या थोरल्या भावाच्या कानावर गेले असते.

डावा शॉक लोण्यासारखा खुलला. मी पत्नीला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "छान झालं. आता पुरे करा."

मी पुरे केले नाही. उजव्याला तिसऱ्या जागी बांधायला तार पुरली नव्हती, म्हणून तिथे मी तिची कपडे वाळत घालायची तार काढून वापरली होती. दुपारपर्यंत परत लावून देतो, असे सांगितले होते. नट निघाला आणि तीच तार तुटली. स्प्रिंगवर बसणारी वरची लोखंडी वाटी उडून माझ्या हातावर आली. स्प्रिंग तिरकी झाली आणि उरलेल्या दोन तारांवर अडकून राहिली. ती मागे बसेना, पुढे सुटेना. मी हात फडक्यात गुंडाळला आणि खोलीला कुलूप घातले. त्या दिवसापासून ती तशीच कोपऱ्याला टेकून आहे.

काल मंगळवारी दुपारी खोलीतून टण्ण असा एकच आवाज आला. मी अंगणातून खिडकीला डोळा लावला. दुसरी तार गेली आहे. आता एक उरली. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम एक. राहते घर पत्नीचे. मुलगी लग्न होऊन सुखात आहे आणि तिने मला घर नको असे दोनदा सांगितले आहे. मात्र मागची खोली कोणीही उघडू नये, झाडायलाही नाही. ही अट लिहिताना मला लाज वाटते, कारण घरातला सगळ्यात चांगला उजेड त्या खोलीत येतो आणि पत्नीचे शिलाई मशीन लग्नापासून त्याच खिडकीशी होते. दोन वर्षे ती बोळात, पिवळ्या दिव्याखाली, त्या बंद दाराला पाठ लावून शिवते. मशीन हलव म्हटले तर म्हणते, "कुठे नेऊ, डोक्यावर?" बोळाखेरीज जागा नाही हे खरेच आहे. मंगळवारनंतरही ती तिथेच बसते. मी पलीकडे खुर्ची टाकून बसतो. दार फुटले तर मी काय करणार आहे, हे मला ठाऊक नाही. पण बसतो.

कलम दोन. बँकेत जे असेल ते पत्नीचे. त्यात वाद घालण्यासारखे काही नाही.

कलम तीन. अंगणातली गाडी पुढच्या चाकांविना ठोकळ्यांवर उभी आहे. ती भंगारवाल्याला द्यावी. खोलीतली वस्तू मात्र त्याला दाखवू नये. मागे एकदा दाखवली होती. तो उंबऱ्याच्या आत आला नाही. "साहेब, माझी पोरं अजून लहान आहेत," म्हणाला आणि वजनकाटासुद्धा विसरून गेला. तो काटा त्याचा आहे, परत करावा.

कलम चार. माझा छोटा जॅक शेजारच्या शिंप्याला. त्याने तो दोन दिवसांसाठी नेला आणि चार महिन्यांनी तेल गळत परत आणला. मी विचारले तर म्हणाला, आधीपासूनच गळत असेल. आता तो त्याच्याच घरात गळू दे.

कलम पाच. पाने, हातोड्या, पक्कड आणि लाकडी पेटी थोरल्या भावाला, म्हणजे दादाला.

कलम सहा. दादाबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. त्याच्या गॅरेजात मी एकोणीस वर्षे काम केले. ब्रेक, क्लच, इंजिन सगळे माझ्या हातून गेले. फक्त स्प्रिंगच्या प्रेसला त्याने मला कधी हात लावू दिला नाही. शॉकचे काम आले की मला चहा सांगायला पाठवायचा. गिऱ्हाइकासमोर म्हणायचा, "तू लांब हो. ते तुझं काम नाही." एके दिवशी एका गिऱ्हाइकाने हसून विचारले, धाकट्याला अजून शिकवताय वाटतं? दादाही हसला. तेव्हा मी पेटी उचलली ती पुन्हा तिथे ठेवली नाही. तो रविवार त्यानंतर तीन आठवड्यांनी आला.

मनात आहे ते सगळेच लिहितो. ही अढी गॅरेजाहून जुनी आहे. दादा दुसऱ्याच्या गॅरेजात उमेदवारी करत असताना सायकलवरून पडला आणि त्याचे पुढचे दात गेले. तेव्हा आईने दोन महिने त्याला चमच्याने पातळ भरवले होते. मी दारात उभा राहून बघायचो. मला वाटायचे, आपण कधी पडणार.

हाताचे काय झाले, असे त्याने विचारले तेव्हा मी दारात सापडला म्हणून सांगितले. पत्नी म्हणायची, "भाऊजींना सांगा, नाहीतर मी सांगते." मी तिला शपथ घातली. गावात दुसरे मेकॅनिक आहेत, पण कोणालाही बोलावले तरी तो संध्याकाळी दादाच्याच बाकावर बसणार. रोज सकाळी देवापुढे उभा राहून मी त्या तारेसाठीच मागणे मागत आलो. माझ्यासाठी मागायला तोंड राहिले नव्हते.

तरी माझ्या मृत्यूनंतर शाळेतल्या गुरुजींनी दादाच्या घरी जावे आणि त्याला माझे एकच वाक्य वाचून दाखवावे: "दादा, मला जमलं नाही." त्यानंतर त्याला खोलीची किल्ली द्यावी.

वरील मजकूर बुधवारी लिहिला आणि शुद्धलेखन पाहायला गुरुजींकडे नेला. त्यांनी मला शाळेत शिकवले. आता ते एक्याऐंशीचे आहेत. सहाव्या कलमावर त्यांनी चष्मा काढला.

"हे वाचायला मी तुझ्या मागे उरेन असं तुला कुणी सांगितलं?"

मी कागदाची घडी घालू लागलो.

"आणि ती तार? तुझं मरण येईपर्यंत थांबते म्हणाली का?"

मी कागद घेऊन तिथून निघालो. घरी जायचे होते. पाय गॅरेजाकडे गेले. दादा एका गाडीखाली होता, फक्त चपला दिसत होत्या. मी त्या चपलांनाच म्हणालो, "दादा, मला जमलं नाही."

तो सरपटत बाहेर आला. मी बोलत होतो तोवर त्याने एकदाही मध्ये विचारले नाही.

आज गुरुवारी सकाळी तो आला. खिडकीतून बराच वेळ पाहिले. मग बोळात गेला, पत्नीला "जरा उठ" म्हणाला आणि आधी तिचे मशीन उचलून अंगणात नेऊन ठेवले. मी मदतीला पुढे झालो तर त्याने माझ्या हाताकडे पाहिले आणि मान फिरवली.

"याला आता प्रेस बसणार नाही," तो म्हणाला. "तिरकी आहे. तुम्ही दोघं फाटकापाशी थांबा. मी हाक मारल्याशिवाय यायचं नाही."

मी म्हटले, मी आत येतो, खोली माझी आहे.

"तू लांब हो," तो म्हणाला.

त्याने आत जुने टायर रचले, साखळी घातली आणि लांब नळीच्या गॅसने स्प्रिंग तापवायला घेतली. लाल झालेले पोलाद आपला जोर विसरते, हे मलाही माहीत आहे. पण साखळी घालायला जवळ जावेच लागते आणि तार एकच होती. पाऊण तास आम्ही फाटकाशी उभे होतो. देवाचे नाव घ्यायचा प्रयत्न केला. तोंडात दादा, दादा एवढेच येत होते.

आवाज झाला नाही. त्याने हाक मारली. स्प्रिंग टायरांच्या मधोमध मऊ पडली होती. शेवटच्या तारेचे पाच पदर तुटलेले होते, दोन शाबूत होते. दादा भिंतीला टेकून खाली बसला.  असे खाली बसलेले मी त्याला कधी पाहिले नव्हते.

"मी सायकलवरून नव्हतो पडलो," तो म्हणाला.

तो दातांबद्दल बोलतो आहे हे समजायला मला वेळ लागला.

"आईनं माझ्याकडून वचन घेतलं होतं. तुला प्रेसला हात लावू द्यायचा नाही. आणि तुला कारण सांगायचं नाही, नाहीतर तू मुद्दाम लावशील म्हणाली." मग माझा वाकडा हात हातात धरून म्हणाला, "मलाही जमलं नाही."

 

दुरुस्त्या. कलम एकमधील अट रद्द. खोली उघडी आहे, मशीन खिडकीशी गेले आहे, आणि कपड्यांची नवी तार दादाने जातानाच बांधून दिली. कलम पाचही बदलावे लागले. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे गुरुजी म्हणतात. दादा म्हणाला, तुझे झिजलेले पाने कोणाला हवेत, मी सही करतो. तेव्हा पेटी मुलीला. तिला उपयोग नाही, पण ती टाकणार नाही.

कलम सहामधले वाक्य आता कोणी वाचून दाखवायचे नाही. ते मी स्वतः जाऊन बोललो आहे.

साक्षीदार पहिला: गुरुजी (सही)
साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ (सही, कागदावर काजळीचा अंगठा उमटला आहे, तो चुकून)
लिहून देणार: (सही, डाव्या हाताची)

ठिकाण: मागची खोली
दिनांक: चौदा, गुरुवार, दुपारच्या जेवणाआधी