बाळ कोणामुळे वळलं

आदरणीय जाऊबाईंना,

धाकट्या जावेचा दारामागच्या, दुखवट्याच्या चटईवरून नमस्कार. (काळ्या कपड्यांतल्या विधवेनं आवाज चढवू नये, पण पत्राला आवाज नसतो.) तुमचे गुडघे कसे आहेत? डर्बनच्या वाऱ्यानं भावजींचा खोकला वाढला नाही ना? मी बरी आहे. हे गेल्यापासून घर फार मोठं वाटतं, एवढंच.

माझ्या नोंदुमिसोला नववा लागला. गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या सिस्टरनं पोट चाचपून सांगितलं, की बाळाचं डोकं वर आहे, खाली आलं नाही तर शहरातल्या इस्पितळात नेऊन ऑपरेशन करावं लागेल. सोफ्यावर रेलू नकोस, रोज थोडा वेळ हातागुडघ्यांवर ओणवी राहा, असंही बजावलं. पोरगी घाबरली. मला बाहेर फिरता येत नाही म्हणून ती रोज दुपारी माझ्याकडे येते, पण एकटी नाही. तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई माशेझी, राखणीला बरोबर असतात. दुखवट्यातल्या आईचा हात पोटाला लागू नये म्हणून. लेक माझी, हात मात्र त्यांचे.

जाऊबाई, त्या येतात आणि थेट ह्यांच्या खुर्चीत बसतात. पोरीला माझ्याच उशा देऊन माझ्याच सोफ्यावर रेलवतात. म्हणतात, "ती सिस्टर कालची पोर, तिला काय कळतंय! माझी सून गुरासारखी ओणवी दिसली तर लोक मला काय म्हणतील?" मग तिच्या बरगड्यांपाशी तोंड नेऊन आपल्या घराण्याची बिरुदं मोठमोठ्यानं म्हणतात, बाळानं ऐकून वळावं म्हणून. (डोकं तिथंच आहे, ते कशाला वळेल? शेजारच्या शेळ्या मात्र वळून बघतात.) आणि वर मला सांगतात, "आत्ता लाथ मारली हो, विहीणबाई! काय ताकद आहे! अगंबाई, तुम्हाला कसं कळणार म्हणा." मी खाली बघून चटईची एकेक काडी उपसते. चटई आता बरीच अरुंद झाली आहे.

एकदा पोरगी मला काही विचारत होती. माझा आवाज मुळातच लहान, त्यात दुखवटा. तिला सोफ्यावर ऐकू जाईना. शेवटी ती उतरली आणि चटईपुढे हातागुडघ्यांवर ओणवी होऊन कान पुढे केला. "काय म्हणतेस, आई?" मी विशेष काही म्हणत नव्हते, मीठ कमी खा म्हणत होते. पण तिचं पोट झोळीसारखं खाली आलेलं दिसलं आणि मला सिस्टर आठवली. त्या दिवसापासून माझा आवाज फारच बसला. तिच्या बाबांच्या गोष्टी सांगायला घेतल्या. लग्नात त्यांनी दोन पायांत दोन वेगळे बूट घातले होते ती गोष्ट तर रोज. पोरगी हसली की पोट हिंदकळायचं. खुर्चीतून विहीणबाई ओरडायच्या, "अहो, जरा मोठ्यानं! आम्हालाही हसू द्या की!" मी आणखी हळू बोलायचे. हात कुठंही लावला नाही, हे भावजींना जरूर सांगा.

परवा सिस्टर म्हणाली, डोकं खाली आलं. विहीणबाईंनी कोंबडी कापली, आणि चर्चमधल्या सगळ्या बायकांना सांगितलं की बिरुदांनी बाळ वळलं. मला कोंबडीची मान पाठवली. मी आभार कळवले. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

बाकी क्षेम. काळजी नसावी.

तुमची धाकटी जाऊ,
मान्गुबाने

ता. क. हल्ली काही घरांत वर्षाऐवजी सहा महिन्यांतच काळे कपडे उतरवतात म्हणे. ह्यांना जाऊन पुढच्या महिन्यात सहा होतील, आणि बाळही तेव्हाच यायचं आहे. घरातले थोरले म्हणून दिवस भावजीच ठरवणार. ते जेवून खूश असताना विचाराल का? बाळाला मी हातात घ्यावं एवढंच मनात आहे. हे रागावणार नाहीत. मला काळा रंग शोभत नाही, असं तेच म्हणायचे.

आणखी ता. क. भावजी हो म्हणाले तर माझ्यासाठी लाल कापड आणा. विहीणबाईंकडे लाल आहे. त्याहून लाल.

शेवटचा ता. क. नाही म्हणाले तरी मनात काही ठेवणार नाही. बाळ विहीणबाईंच्या मांडीवर खेळेल, मी चटईवर बसून बोलत राहीन, अगदी हळू. कधीतरी ते रांगायला लागेलच. मग आजी काय म्हणते ते ऐकायला त्याला हातागुडघ्यांवर माझ्याकडेच यावं लागेल.