आवाजाची पावती

आदरणीय मेहुणेबुवा यांस,

तुमच्या भाऊजीचा, उजवा गुडघा सोडून बाकी सर्वांगाने वाकून, नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? सूनबाई, नातवंडं आणि माळ्यावरचे ते तीन बंद रेडिओ, सगळे खुशाल असतील अशी आशा करतो. घरात फोन असताना हा गृहस्थ पत्र का लिहितो, असं तुमच्या मनात आलं असेल. त्याला दोन कारणं आहेत. दोन्ही लाजिरवाणी आहेत, म्हणून जरा वळसा घेऊन सांगतो.

आधी तुमच्या ताईची खबर. घशाच्या ऑपरेशनला आज सोळा दिवस झाले. जखम छान भरतेय, पण तीन आठवडे तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. पुढे आवाज येईल, पण पूर्वीचाच येईल की निराळा, ते त्या आज सांगत नाहीत. (मी खोदून खोदून विचारलं. पाण्यात पडलेलं घड्याळ घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी बघतो, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.) तोवर तुमची ताई चिठ्ठ्या लिहिते. त्याही साध्या कागदावर नाही, तर दुरुस्तीच्या घड्याळांना बांधायच्या माझ्या दोरीवाल्या चिठ्ठ्यांवर. लिहिते आणि ज्या त्या वस्तूला बांधून मोकळी होते. परवा माझ्या सदऱ्याच्या गुंडीला 'धुवायला', चहाच्या कपाला 'दुसरा चमचा साखर मी पाहिली', आणि दुपारी जरा डोळा लागला तर चष्म्याच्या काडीला 'घोरू नका, मला ओरडता येत नाही'. घर म्हणजे दुकानातलं कपाट झालंय. आणि शांतता इतकी, की भिंतीवरची माझी सहाही घड्याळं एकमेकांच्या मागेपुढे चालतात हे मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं ती टिकटिक तिच्या बोलण्याखाली झाकली जात होती. मी मात्र स्वतःला निष्णात कारागीर समजत होतो.

आता मूळ दुखणं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात ती माझा फोन घेऊन घरभर फिरली. (तिचा स्वतःचा बटणांचा. त्यात फक्त बोलता येतं, म्हणजे सध्या काहीच नाही.) फिरत फिरत व्हिडिओ काढले आणि बोलत सुटली. मोरीचा नळ कुठल्या बाजूला किती पिळायचा, खिडकीतली कबुतरीण घरटं बांधण्यात किती आळशी आहे, शेजारणीने नेलेली शिडी कशी परत येत नाही, असे अकरा व्हिडिओ. एकातही ती दिसत नाही, नुसता आवाज. मी म्हटलं, हे काय चाललंय? म्हणाली, "आवाज दुरुस्तीला टाकायचाय. पावती नको का?" माझ्या दुकानातली पाटी तुम्हाला पाठ आहे: पावती हरवल्यास वस्तू मिळणार नाही. ती पाटी तिनेच रंगवलीय.

तर मेहुणेबुवा, पावती हरवली. हरवणारा मीच.

झालं असं, की गेल्या मंगळवारी फोन म्हणाला, जागा संपली. त्यात बहुतेक माझेच फोटो. (घड्याळ उघडलं की आतल्या चाकांचा फोटो काढून ठेवतो. पूर्वी डोक्यात राहायचं.) म्हटलं, जरा झाडलोट करू. तुमच्या ताईची एक सवय तुम्हाला ठाऊक असेल, फोन धरला की अंगठा नेमका कॅमेऱ्यावर. तिचा प्रत्येक व्हिडिओ अंगठ्याने सुरू होतो, मग "अगंबाई" म्हणून अंगठा बाजूला होतो. त्यामुळे यादीत अकरा चौकोन दिसले, सगळे सारखेच लालसर काळे. मला वाटलं, बिघडलेले असतील. पुसले. इथवर काही बिघडलं नव्हतं, कारण पुसलेलं महिनाभर एका डब्यात पडून असतं म्हणे. पण माझी हातसवय आड आली. दुकान बंद करताना कामाची बशी रिकामी करायची, कालचा स्क्रू आजच्या घड्याळात जाता कामा नये, हे मी बाराव्या वर्षी उस्तादांच्या टपल्या खाऊन शिकलो. भरलेला डबा दिसला आणि हात आपसूक गेला. फोनने दोनदा विचारलं, नक्की का? मी दोनदा ठासून हो म्हटलं. वर 'जागा मोकळी झाली' असं वाचून स्वतःच्या पाठीवर थाप मारली. नंतर कबुतरीण आठवली, तिचा व्हिडिओ लावावा म्हणून शोधायला गेलो, आणि बसलो तो बसलोच.

दुकानासमोर मोबाइल दुरुस्त करणारी मुलगी बसते. चुणचुणीत आहे, मला काका म्हणते. तिच्यापुढे फोन ठेवला. ती म्हणाली, "काका, डबासुद्धा? डबा कोण रिकामा करतं?" मी म्हटलं, शिस्तीची माणसं करतात. तिने दुसरीकडे कुठे साठवणीत प्रत गेलीय का पाहिलं. नव्हती गेली. ती सोय मीच कधीकाळी नको म्हणून बंद केली होती. मग एक शोधायचं ॲप घातलं. ते तीन तास घरघरत होतं आणि मी समोर, बाळंतिणीच्या खोलीबाहेर फिरावं तसा. शेवटी सहाशे बारा वस्तू सापडल्या. सहाशे अकरा घड्याळांची पोटं. आणि एक व्हिडिओ, चुकून खिशात सुरू झालेला, चार मिनिटं नुसता अंधार, किल्ल्यांची खळखळ आणि माझं बेसूर गुणगुणणं. त्या मुलीने तो बंद करायला बोट नेलं, एवढ्यात अगदी शेवटी, लांबून, स्वयंपाकघरातून आवाज आला: "अहो, ऐकलंत का..." आणि संपलं.

नाही ऐकलं, मेहुणेबुवा. तेव्हा गुणगुणत होतो ना. आता मात्र चौदा वेळा ऐकलं. ती मुलगी तोंड फिरवून उगाच स्क्रू मोजत बसली. नंतर म्हणाली, "काका, आता फोनवर नवीन काही काढू नका, कुणाला काही पाठवू नका. नवं आलं की जुन्याच्या जागेवर बसतं, मग उरलीसुरली आशाही गेली." तेव्हापासून फोन बंद करून घड्याळावरच्या काचेच्या घुमटाखाली ठेवलाय. पत्राचं पहिलं कारण हे. दुसरं असं, की दुकानातून फोन करावा तर गिऱ्हाइकं कान टवकारतात, आणि घरातून करावा तर तुमच्या ताईचा आवाज गेलाय, कान नाही.

त्या मुलीने जाता जाता आणखी एक विचारलं होतं, "कुणाला पाठवले होते का हो ते व्हिडिओ?" मी घसा खाकरला आणि छत्री उचलली. बाकी सर्व ठीक.

तुमचा,
भाऊजी

ता. क. पाठवले होते. सगळे अकरा, तुम्हाला. फोनवरच्या आपल्या गप्पांची पानंही मी झाडून टाकली, पण तुम्ही काही टाकत नाही, हे जगजाहीर आहे. तुमच्या माळ्यावरून, रेडिओंवरून आणि बारा डबे भरून साठवलेल्या झाकणांवरून मी जे काही चाळीस वर्षं बोललो, ते सर्व मागे घेतो. ते अकरा व्हिडिओ एका पेन ड्राइव्हवर घालून दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. हात जोडतो.

ता. क. २. ताईला यातलं अक्षर कळू देऊ नका. पावती हरवली म्हणजे वस्तू मिळणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं तर?

बोचक्या, आता मी, तुझी ताई. पाकीट चिकटवायला खळ सापडेना म्हणून यांनी पत्र माझ्याच हातात दिलं. मला मंगळवारीच कळलं होतं. संध्याकाळी हे घरी आले आणि शेजारणीकडे जाऊन ती शिडी मागून आणली. काहीतरी मोठं फोडल्याशिवाय हा माणूस माझं काम असं आपणहून करत नाही. येत्या गुरुवारपासून दिवसाला तीन शब्द बोलायची परवानगी आहे. 'फोन इकडे आणा' हे ठरलंय. आवाज कसाही निघो, त्या फोनवरच नव्याने टिपीन, अंगठा बाजूला ठेवून. तू दहा पाठव. सातवा नको. शिडीवरून बोलता बोलता त्यात मी यांचं कौतुक करून बसलेय, ऐकलं तर महिनाभर हवेत चालतील.

बरं, तोही पाठव. तसा आवाज परत नाहीच आला, तर तेवढं मी एकदा बोलले होते, याची पावती यांच्याकडे असू दे.