तळ्याकाठचा पंप आणि माझ्या किडन्या

बुधवार, ३० ऑक्टोबर. दुपार (बहुतेक)
शुद्धीवर आलो. बायपास उत्तम. दोन तास हृदय बंद ठेवून माझं रक्त मशीनमधून फिरवलं म्हणे. फिनलंडमधल्या कुओपिओ शहराच्या पाणीखात्यात अडतीस वर्षं मीटर वाचलेल्या माणसाला यात विशेष वाटत नाही. लाइन बंद करायची, जोड टाकायचा, लाइन सुरू करायची.
बेत: रविवारी घरी. सोमवारी तळ्याकाठच्या उन्हाळी घरावर जाऊन पंप आणि पाइप रिकामे करणे. पुढच्या गुरुवारी तापमान उणे बारा होणार आहे. आत पाणी राहिलं तर गोठून सगळं फुटेल. हे काम माझ्याशिवाय कुणालाही येत नाही.

गुरुवार, ३१
ताप. डॉ. वेहमास आल्या. म्हणाल्या, मशीनमधून फिरून आलेल्या रक्तावर शरीर चिडतं, आतून सूज येते, त्याचा फटका किडन्यांना बसू शकतो. लक्ष ठेवायला हवं. म्हटलं, ठेवा. माझ्या किडन्यांनी आजवर तक्रार केलेली नाही. मीही नाही.
नर्स सान्नीने विचारलं, दुखणं शून्य ते दहात किती. एक म्हटलं. खरं सात. पण सात म्हणणाऱ्याला रविवारी कोण सोडतं?

शुक्रवार, १ नोव्हेंबर
वॉर्डात आणलं. लघवीची नळी काढली. आता भांड्यात करायची, मोजायची आणि तक्त्यावर आपणच लिहायची. म्हणजे मीटर-रीडिंग! सबंध इस्पितळात या कामाला माझ्याइतका लायक माणूस नाही.
सकाळचं रीडिंग: ६० मिली. जरा कमी वाटलं. भांडं तिरकं धरलं असणार. २६० लिहिलं.
बायको (हिल्का) विचारत होती, शेजारच्या एस्कोला पंपाचं सांगू का. साफ नाही म्हटलं. बावीस वर्षं आम्ही तळ्याकाठी एकमेकांना मान हलवतो. एवढं चांगलं चाललेलं असताना मध्ये बोलणं कशाला आणायचं?

शनिवार, २
हिल्का आली नाही. फोनवर म्हणाली, कामं आहेत. काय एवढी कामं असतात देव जाणे.
वजन चार किलो वाढलं. ताकद भरून येते आहे.
४०. लिहिलं ३००.

रविवार, ३
सोडलं नाही. रक्ताचा रिपोर्ट तक्त्याशी जुळत नाही म्हणे. पुन्हा रक्त घेतलं. लॅबचा घोळ, दुसरं काय. चपलांत पाय जात नाहीत. इस्पितळाच्या चपलांचं मापच चुकीचं आहे. थोडी मळमळ. सूप खारट होतं.
अडतीस वर्षांत एकही खोटं रीडिंग लिहिलं नाही, हे आज उगीच आठवलं.
२५. लिहिलं ३००.

सोमवार, ४
हिल्का आली. दालचिनीचे पाव आणि थर्मासमध्ये घरची कॉफी. वास येताच थर्मास दूर सारला. म्हटलं, नको.
तिने माझ्याकडे नीट बघितलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी कॉफीला नको म्हटलेलं तिने ऐकलेलं नाही. आमच्याकडे अंथरुणाला खिळलेला माणूसही कॉफीला नाही म्हणत नाही. तडक उठली आणि सान्नीला घेऊन आली. सान्नीने भांडं बघितलं, तक्ता बघितला, माझ्या पायावर बोट दाबलं. बोट उचललं तरी खड्डा तसाच.
मी म्हटलं, ठीक आहे सगळं. मग उलटी झाली.

मंगळवार, ५
डायलिसिस. मानेत नळी. डॉक्टर रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "कागदावर तुम्ही बरे होत होता. म्हणून आम्ही दोन दिवस भलतीकडेच शोधत बसलो."
विचारलं, किडन्या परत सुरू होतील ना? म्हणाल्या, बऱ्याचदा होतात. नेहमी नाही.
दिवसभर पडून मशीनचा आवाज ऐकला.

बुधवार, ६
उद्या उणे बारा. हिल्काला सगळं सांगून टाकलं. खोटे आकडे, आणि ते पंपासाठी लिहिले हेही. म्हटलं, आजच्या आज एस्कोकडे जा, हवं तर हातापाया पड त्याच्या.
ती म्हणाली, "पंप मी शनिवारीच रिकामा केला. वीस मिनिटं लागली. तीस वर्षं बघतेय तुला करताना."
मग सांगितलं का नाहीस?
"तुझ्यावाचून होतं, हे ऑपरेशन झाल्या झाल्या कशाला सांगायचं, आर्वो?"
वीस मिनिटं. मला दर वर्षी अख्खा दिवस लागतो.
आजचं रीडिंग: १०. दहाच लिहिलं.
पाच वाजता ती कोट घालून उभी राहिली. जाताना विचारलं, काही हवंय का. नको म्हणायला तोंड उघडलं होतं.
"बस जरा," म्हटलं. "मला भीती वाटतेय."
तिने कोट काढला.